व्यायाम केला तर बाळंतपण सोपं जातं का? गर्भवतींचे (आणि त्यांच्या सासूबाईंचे) नेहमीचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशकात गरोदर बायकांचा व्यायामवर्ग घेते. बॅच बदलते, चेहरे बदलतात, पण पहिल्या दिवशी चटईवर टेकता टेकता विचारले जाणारे प्रश्न तेच असतात. तेच इथे लिहून काढलेत. तुमच्या तब्येतीचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, हे आधीच सांगून ठेवते.

रोज व्यायाम केला तर नॉर्मलच होणार ना? नक्की?

नक्की नाही. "आमच्याकडे या, नॉर्मलची गॅरंटी" असं कुणी सांगत असेल तर फी भरायच्या आधी चपला घाला आणि घरी या.

फरक पडतो, पण किती ते बघा. २०१६ मध्ये नऊ चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. एकूण २,०५९ स्त्रिया, सगळ्यांच्या पोटात एकच बाळ, वजन बेताचं, मोठी गुंतागुंत कुणालाच नाही. ज्यांनी आठवड्यातून तीन-चार वेळा व्यायाम केला त्यांच्यात नॉर्मल बाळंतपण ७३.६ टक्के, ज्यांनी केला नाही त्यांच्यात ६७.५ टक्के. सिझर अनुक्रमे १७.९ आणि २२ टक्के. म्हणजे शंभरातल्या चार-सहा जणींना फायदा झाला. दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण व्यायामाने वाढलं नाही, आणि गरोदरपणातला मधुमेह जवळपास निम्म्यावर आला. मला विचाराल तर या सगळ्यात मधुमेहाचा आकडा मोठा. साखर आटोक्यात राहिली की बाळ अवाजवी मोठं होत नाही, आणि बाळ मोठं असणं हे सिझरचं एक नेहमीचं कारण आहे.

आता दुसरे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांमध्ये सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. दोन्हीकडे येणाऱ्या बायका सारख्या नसतात, हे खरं. तरीही व्यायामाने चार टक्क्यांचा फरक आणि दारावरच्या पाटीने तेहतीस टक्क्यांचा, हे डोळ्यांत भरतंच. म्हणून मी वर्गात सांगते, स्क्वॉट्स घाला, पण "तुमच्याकडे सिझर साधारण किती होतात?" हेही डॉक्टरांना विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावलेच, तर तेही कळलेलं बरं.

कळांचा वेळ कमी होतो का?

थोडा होतो, असं काही चाचण्यांत दिसलंय. माद्रिदमध्ये सुमारे पाचशे गर्भवतींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम करणाऱ्यांचा पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, सरासरी पावणेसात तासांच्या आसपास होता आणि बाकीच्यांचा पावणेआठच्या आसपास. थायलंडमध्ये ७४ पहिलटकरणींपैकी निम्म्या जणींना शेवटच्या तिमाहीत योगाचे धडे दिले, त्यांचाही पहिला टप्पा आटोपशीर झाला आणि दुखणं कमी जाणवलं. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही. तेव्हा "तासभर कमी होईल, कदाचित" इतकंच धरून चाला.

वेळेचा आणखी एक गैरसमज. पिशवीचं तोंड दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की खऱ्या जोमाच्या कळा पाच सेंटीमीटरनंतर धरायच्या, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. घरचे लोक कॉरिडॉरमध्ये घड्याळ बघत बसतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

व्यायामाने शरीरात बदलतं तरी काय?

गर्भपिशवीला व्यायाम देता येत नाही. तो स्नायू तुमचं ऐकत नाही, दंडाचा ऐकतो तसा. तो आपल्या मर्जीने आवळतो आणि सुटतो. व्यायामाने तयार होतं ते बाकीचं सगळं: दम, पाय, पाठ, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. आणि डोकंसुद्धा.

बाळंतपण हे रात्रभर चाललेलं अंगमेहनतीचं काम आहे, बरेचदा अर्धपोटी आणि झोपेविना. पाय थरथरायला लागले की बाई कॉटवर आडवी होते. आडवी झाली की कळा जास्त झोंबतात, आणि बाळाला खाली उतरायला वजनाची जी मदत मिळते तीही जाते. पायांत ताकद असणारी उभी राहते, चालते, कॉटच्या दांडीला धरून झुलते. व्यायामाचा खरा फायदा मला इथे दिसतो. आणि हे कुठल्याही तक्त्यात नीट उतरत नाही.

"आमच्या वेळी जात्यावर दळायचो, फरशा पुसायचो. हे वर्ग कशाला?" (सासूबाई)

सासूबाई, तुमचं निम्मं बरोबर आहे. जातं ओढताना पाय पसरून बसायचं, कंबरेतून पुढे-मागे व्हायचं, हात-पाठ-मांड्या एका लयीत आणि वर ओवी चालू, म्हणजे श्वास लांब सुटतोय. आमच्या वर्गात 'चक्कीचालन' म्हणून जे शिकवतात ते हेच, फक्त दळण नसतं. चुलीशी, अंगणात, संडासात दिवसभर उकिडवं बसणं व्हायचं. आता कमोड, सोफा आणि ऑफिसची खुर्ची. पंचविशीतल्या मुली टाचा टेकवून उकिडव्या बसू शकत नाहीत, मागे कलंडतात. हे मी दर बॅचला बघते.

पण उरलेलं निम्मं चुकतंय. घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. सकाळपासून ओट्याशी उभं राहून कंबर मोडली तर त्याने दम वाढत नाही, थकवा वाढतो. आणि फरशी पुसल्याने नॉर्मल होतं, याला पुरावा नाही. तो सुनेकडून फरशी पुसून घ्यायचा पुरावा असेल.

शेतात राबणाऱ्या, बांधकामावर घमेली उचलणाऱ्या, ऊसतोडीच्या फडात मोळ्या डोक्यावर नेणाऱ्या बायकांचा विषय तर आणखी वेगळा. व्यायाम तुम्ही ठरवता, थांबवता, पाणी पिता, घरी जाता. मोळी थांबवता येत नाही. वजन उचलण्याची आणि तासन् तास उभं राहण्याची कामं करणाऱ्यांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका थोडा जास्त आढळतो. त्या बाईला वर्गाची नाही, सुट्टीची आणि पोटभर खाण्याची गरज आहे.

केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम) केल्याने खालचे स्नायू घट्ट होऊन बाळ अडकणार नाही का?

तर्क बिनतोड वाटतो, पण घडतं उलटं. नॉर्वेत ३०१ पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी विसाव्या आठवड्यापासून हे स्नायू कमावले, त्यांच्यात तासाहून जास्त जोर करावा लागणाऱ्या बायका कमी निघाल्या. कमावलेला स्नायू सांगितल्यावर सैलही सोडता येतो, न कमावलेला कुठे आहे तेच माहीत नसतं.

लघवी अडवताना जे आत वर ओढलं जातं, ते ओढा. पाच-सात सेकंद धरा. मग सोडा, आणि सोडलेलं दुप्पट वेळ अनुभवा. बहुतेक जणी ओढण्यावरच भर देतात. बाळंतपणात कामाला येतं ते सोडणं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा प्रयोग रोज करू नका, ओळख पटण्यापुरता एकदा पुरे. जबडा आवळला की खालीही आवळतं, असा वर्गातला अनुभव. म्हणून आम्ही घोड्यासारखे ओठ फुर्रर्र करायला लावतो. पहिल्या दिवशी सगळ्या लाजतात, तिसऱ्या दिवशी थांबवावं लागतं.

किती करायचा? नाडी मोजायची का?

आठवड्याला किमान १५० मिनिटं, मध्यम दमाचा. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन हेच सांगतं. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं, किंवा पाच दिवस अर्धा अर्धा तास. त्यात थोडं ताकदीचं आणि थोडं ताणण्याचं मिसळा.

नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका, हा सल्ला १९८५ चा, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा. त्यांनीच तो १९९४ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे अजून फिरतोय. सोपी परीक्षा बोलण्याची. चालता चालता शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये. गप्पाही तुटायला लागल्या तर वेग कमी करा.

चालणं सर्वांत सोपं. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी आठच्या आत, विदर्भ-मराठवाड्यात त्याहूनही आधी. पाण्याची बाटली हातात. गोदाकाठी संध्याकाळी फिरणाऱ्या आमच्या बायका अर्धा तास चालतात आणि मग तासभर भेळेच्या गाडीपाशी उभ्या राहतात. चालण्याचे गुण देते, भेळेचे नाही.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताची भीती नाही का?

सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. चालल्याने, जिना चढल्याने, बेताच्या व्यायामाने ते होत नाहीत. आधीपासून व्यायाम असेल तर चालू ठेवा. नसेल, तर मळमळ थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालणंही पुष्कळ. ज्या मुलीला सकाळी पोह्यांचा वास सहन होत नाही तिला मी चटईवर बोलावत नाही.

कोणी करू नये?

हा भाग वाचून डॉक्टरांना दाखवा. वार (प्लॅसेंटा) खाली असेल आणि सव्विसाव्या आठवड्यानंतरही खालीच राहिली असेल, रक्तस्राव चालू असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी गेलं असेल, वेळेआधी कळा आल्या असतील, गरोदरपणात बीपी वाढलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा मोठा आजार असेल, तर व्यायाम बंद. जुळी असतील आणि लवकर बाळंत होण्याची भीती असेल तरी बंद.

आणि रक्त. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. गंभीर असेल तर आधी उपचार, मग व्यायाम. वर्गात नाव घालताना मी पैशांआधी रक्ताचा रिपोर्ट मागते. तपासणी झाली नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ती फुकट होते. आशाताईंना विचारा, त्या घेऊन जातील.

एक उलटी गोष्टही सांगते. "जपून राहा" म्हणून सरसकट झोपवून ठेवल्याने वेळेआधीचं बाळंतपण टळतं, याला आधार सापडलेला नाही. पडून राहण्याने पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका मात्र वाढतो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर "किती, आणि कशासाठी" हे नीट विचारून घ्या.

व्यायाम करताना कधी थांबायचं?

रक्त दिसलं, पाणी गेलं, ठरावीक वेळाने पोट आवळून दुखू लागलं, छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं जोरात दुखलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा काही करायच्या आधीच धाप लागली. लगेच थांबायचं आणि फोन करायचा. "सेट पूर्ण करते" नाही.

कोणती आसनं चालतात?

मार्जारासन, बद्धकोणासन, भिंतीला टेकून किंवा कुणाचे तरी हात धरून उकिडवं बसणं, बाजूला वळून ताणणं. ओणवं होऊन कंबर हलवणं पाठदुखीला फार गुणाचं. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं आणि पोटावर दाब येणारं काहीही नको. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणं झोपून व्यायाम करू नका, पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते आणि भोवळ येते. गरोदरपणात सांधे सैल असतात, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वाकता येतं म्हणून जास्त वाकायचं नसतं. हे योग आधीपासून करणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं.

बाळ आडवं किंवा पायाळू आहे. व्यायामाने फिरेल?

भरवसा नाही. ढुंगण वर करून झोपण्याचे प्रकार सांगितले जातात, त्यांना पुरेसा आधार नाही. बत्तीस आठवड्यांना पायाळू असलेली बरीच बाळं आपणहून फिरतात, आणि श्रेय त्या आठवड्यात केलेल्या व्यायामाला जातं. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून हाताने बाळ फिरवून बघू शकतात. त्याबद्दल विचारा.

नववा महिना लागला. कळा याव्यात म्हणून जिने चढू का? एरंडेल घेऊ?

जिने चढा, दमत नसाल तर. अडतिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास चालणाऱ्यांमध्ये कळा आपणहून सुरू होण्याचं प्रमाण जास्त, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण तारीख आहे म्हणून आदल्या दिवशी पाच मजले चारदा चढणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं पुस्तक. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्याच, तर पायांत त्राण नसतो.

एरंडेल नको. जुलाब हमखास, कळांचं सांगता येत नाही. आणि वाटीभर तूप प्यायल्याने बाळ सरकत नाही. तूप पोटात जातं, बाळ गर्भपिशवीत असतं, दोन्ही वाटा वेगळ्या.

कळा सुरू झाल्यावर या सगळ्याचा उपयोग कसा करायचा?

वर्गात आम्ही एक खेळ करतो. प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा द्यायचा, एक मिनिट धरून ठेवायचा. पहिल्यांदा काहीच न सांगता. कुणी ओरडतं, कुणी हात झटकतं, एकदा एकीने खडा माझ्याच अंगावर टाकला. मग दुसऱ्या हातात खडा. या वेळी नाकाने श्वास, तोंडाने लांब सोडायचा, खांदे खाली, कपाळावरची आठी मोकळी. बर्फ तितकाच गार असतो, पण मिनिट निभावतं. कळ साधारण तेवढीच असते, मिनिटभर. मग ती ओसरते आणि मध्ये विसावा मिळतो. विसाव्यात पुढच्या कळेची वाट बघत आवळून न बसणं, हे शिकायचं असतं.

आणि उभं राहा. पहिल्या टप्प्यात उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या, बसणाऱ्या स्त्रियांचा हा टप्पा आडव्या पडणाऱ्यांपेक्षा सरासरी तासाभराहून जास्त आधी आटोपला, असं पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून दिसलंय. व्यायामाच्या नऊ महिन्यांपेक्षा या एका सवयीचा आकडा मोठा आहे, याची मला गंमत वाटते. अडचण एवढीच, की लेबर रूममध्ये गेलं की सलाईन लागतं आणि "झोपा बरं ताई" सुरू होतं. तेव्हा आधीच्या भेटीतच विचारून ठेवा: मला चालू देणार का? कुणीतरी सोबत थांबू शकेल का? एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलं असेल किंवा बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावं लागत असेल तर चालता येणार नाही कदाचित, पण कुशीवर वळता येतंच.

खाली टाके पडू नयेत म्हणून काही?

आहे. पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा, स्वच्छ हाताने, साधं खोबरेल लावून योनीमार्गाच्या खालच्या कडेला हलका मसाज. अंगठा बोटाच्या दोन पेरांइतका आत, खाली आणि बाजूला दाब, काही मिनिटं. पहिलटकरणींमध्ये टाके घालावे लागण्याचं प्रमाण याने काहीसं कमी होतं. पाणी गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर करायचा नाही. हे सांगितलं की वर्गात शांतता पसरते, आणि वर्ग सुटल्यावर एकेक जण येऊन पुन्हा विचारते.

सगळं केलं, तरी सिझर झालं. माझं काय चुकलं?

काही नाही. माझं पहिलं बाळंतपण सिझरच आहे. सातव्या महिन्यापर्यंत वर्ग घेत होते, स्वतः सगळं करत होते, उकिडवं बसायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठ सेंटीमीटरला बाळाचे ठोके उतरायला लागले आणि वीस मिनिटांत मी टेबलावर. तेव्हा एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "अगं, तुझा तर व्यायाम होता ना?" त्या वाक्याला काही वर्षं उत्तर सुचलं नव्हतं. आता आहे: दुसऱ्या दिवशी मी उठून चालले, पाचव्या दिवशी लेकीला घेऊन पाळण्यापर्यंत सरळ पाठीने गेले. कमावलेले पाय-पाठ ऑपरेशनने काढून घेतले नव्हते.

सिझरनंतर चालणं जमेल तसं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, पोटाचे व्यायाम मात्र डॉक्टरांनी टाका बघून हो म्हटल्यावरच.

नवऱ्याने काय करायचं?

वर्गाला यायचं. फोन बाहेर ठेवायचा. कळ आली की कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताचा मऊ भाग टेकवून दाबून धरायचं, ती "सोड" म्हणेपर्यंत. गुदगुल्या केल्यासारखं चोळायचं नाही, त्याने जास्त चिडायला होतं. वर्गात हे शिकवताना मी नवऱ्यांना आधी भिंत ढकलायला लावते, म्हणजे किती जोर ते कळतं. मागच्या बॅचमधले एक भाऊ इतके मन लावून ढकलत होते की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. त्यांच्या बायकोने नंतर कळवलं, रात्रभर हात काढला नाही म्हणून, आणि सकाळी त्यांचंच मनगट शेकायला घेतलं म्हणून.